तुंब्यातला पहिला घोट

“मीठ काय मुठीनं खातंय का कुणी या घरात? परवा भरलेली बरणी, आज तळ दिसायला लागला.”

सासू हे चुलीला सांगत होती. पण शेजारी थोरली सून कणीक मळत बसलेली, तिच्या गुडघ्याला सासूचा गुडघा टेकलेला, त्यामुळे ऐकायचं कुणी हे ठरलेलंच होतं. थोरली मळत राहिली. मीठ कुठं जातं ते तिला माहीत होतं आणि सासूला तिच्याहून जास्त माहीत होतं, कारण डाळीत दोन मुठी मीठ सासूच टाकत होती.

एक मूठ टाकली की आबा म्हणायचे, “अळणी.” दोन टाकल्या की गप जेवायचे. गेल्या पावसाळ्यात पंधरा दिवस ताप अंगात मुरला, तेव्हापासूनचं हे. त्यामुळे सगळं घर दोन मुठींची डाळ खात होतं.

“आई, डाळीत थोडं पाणी घालू का?” धाकटी सून वाटी पुढं करत म्हणाली. “नाहीतर माझ्यात घाला. कशात तरी घालाच.”

थोरलीला हसू आलं. सासूनं डोळे वटारले. आबा मान खाली घालून जेवत होते. थोरला मुलगा, म्हणजे थोरलीचा नवरा, त्यानं खारट घास पाण्यासकट गिळला आणि म्हणाला, “उद्या मांडवाखाली जायचं ना आबा? चाखायला आलीत फळं.”

आबांनी वाटी पुसून घेतली. मग आबा म्हणाले, “जायचं. थोरलीला खुरपं घेऊन येऊ दे.”

मांडवावरचा भोपळा खायचा नव्हे. वेलावर पिकवायचा, वाळवायचा, कोरायचा आणि पाण्याचे तुंबे करायचे. मेंढपाळ न्यायचे, खाणीतले लोक न्यायचे. प्लास्टिकच्या कॅनमधलं पाणी दुपारपर्यंत तापून त्याला वास मारतो. तुंब्यातलं गार राहतं आणि तुंबा खांद्यावर आहे की नाही तेही कळत नाही. पण त्यासाठी वेल गोड लागतो. कडू वेलाचं फळ सात पाण्यांनी धुवा, आठव्या पाण्यात कडूपणा उतरतोच. म्हणून फळं मनगटाएवढी झाली की प्रत्येक वेलाचं एक कापायचं, चकती जिभेवर ठेवायची, आणि वेल राखायचा की उपटायचा ते तिथंच सांगायचं. सांगायचं एकट्या आबांनी.

“दोन जिभा लागल्या की वाद लागतो,” आबा म्हणायचे. “चूक झाली तर एकाच तोंडात मारता आलं पाहिजे.”

त्या तोंडात मारायची वेळ कधी आली नव्हती. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचा एक तुंबा कडू निघाला नव्हता. आजूबाजूच्या गावांत त्यांचं नाव कुणी घेत नसे, ‘जीभवाले’ म्हणत. थोरली लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं बघितलं होतं: डोळ्यांवर फडकं बांधून, मांडवाच्या कुठल्या कोपऱ्यातली चकती ते आबांनी ओळखून दाखवलं होतं. तेव्हा तिला सासरा नाही, जादूगार मिळाल्यासारखं वाटलं होतं.

सकाळी मांडवाखाली ओल होती. आबा पुढं, हातात चाकू. थोरली मागं, हातात खुरपं. आबांनी पहिली चकती जिभेवर ठेवली, डोळे मिटले, बराच वेळ चघळली.

“ठेव.”

दुसरी. “ठेव.”

दरवर्षी शंभरातले वीस-बावीस वेल उपटले जात. मुळासकट काढायचे, बांधावर टाकायचे, वाळले की जाळायचे. त्या दिवशी आबा ठेव, ठेव म्हणत गेले आणि थोरली मागून मोजत गेली. तिसाव्या वेलाला तिला वाटलं, बियाणं चांगलं होतं यंदा. पन्नासाव्याला तिनं काही वाटून घ्यायचं बंद केलं. शेवटच्या वेलापाशी तिनं खुरप्याकडं बघितलं. पात्याला मातीचा कण लागलेला नव्हता.

आबा विहिरीवर हात धुवायला गेले. थोरलीनं इकडंतिकडं बघितलं आणि त्यांनी टाकलेल्या चकत्यांतली एक उचलून तोंडात घातली. गोड. दुसरी उचलली. जिभेच्या मुळाशी खिळा ठोकल्यासारखं झालं. ती थुंकली, पदरानं जीभ पुसली, पुन्हा थुंकली. संध्याकाळपर्यंत पाणी प्यायलं तरी कडू लागत होतं.

तिनं नवऱ्याला गोठ्यात गाठलं.

“अहो, एकही वेल काढला नाही आबांनी.”

“मग बरंच की.”

“बरं कसं? मी चाखलं. कडू आहेत त्यात.”

नवऱ्याचा हात गवताच्या पेंढीवर थांबला. “तू कशाला चाखलंस?”

“हे विचारताय तुम्ही मला?”

“हळू बोल.” तो पेंढी सोडत राहिला. “बघू.”

“काय बघू? वेल आत्ता काढले तर काढले. पुढं फळं कुठल्या वेलाची ते कोण ओळखणार?”

“आबांना सांगणार कोण?”

“तुमचे वडील आहेत.”

“म्हणून तर,” तो म्हणाला, आणि गाय तहानलेली आहे हे त्याला एकदम आठवलं.

वेल राहिले. फळं मोठी झाली, सालीला कडकपणा आला, पानं करपून गळली. देठ वाळून तपकिरी झाले तेव्हा तोडणी झाली, आणि दोन-अडीच महिने भोपळे छपरात टांगून राहिले. वारा सुटला की एकमेकांवर आपटून वाजायचे. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की काम सुरू.

थोरला करवतीनं तोंड कापायचा. पुढचं सगळं थोरलीचं. वाकड्या तारेनं आतला वाळका गर खरवडायचा, त्याची धूळ नाकातोंडात जायची, खोकून बरगड्या दुखायच्या. मग आत पाणी, वाळू, मूठभर खडे घालायचे, तोंडावर तळहात दाबायचा आणि कमरेवर घेऊन हलवायचं, एका तुंब्याला दीडदोनशे वेळा. ओतायचं, पुन्हा भरायचं. तळहाताला गोल वळ उठायचा, तुंब्याच्या तोंडाएवढा. बोटांच्या पेरांत कडूपणा असा बसायचा की घास तोंडात घालताना आधी बोटं लागायची, मग अन्न. तीन दिवस तीन पाण्यांत मुरवायचं, वाळवायचं, तोंडाला मेण चोळायचं. शेवटी स्वच्छ पाणी भरून रात्रभर ठेवायचं. सकाळी आबांनी पहिला घोट घ्यायचा. गोड म्हणाले तर तुंबा. कडू म्हणाले तर बियाणं ठेवायचं भांडं.

मेंढपाळांचा दाढीवाला म्होरक्या बारा तुंबे आधी मागून गेला होता, उन्हाळ्यात साठ नेणार होता. बारा तुंबे ओट्यावर ओळीनं मांडले. आबांनी पहिल्यातला घोट घेतला, गालात घोळवला, आणि थोरलीकडं बघितलं.

“गोड.”

दुसरा. पुन्हा घोळवणं, पुन्हा बघणं. थोरलीला वाटलं, धाक दाखवतायत. पाचव्या तुंब्याला तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आबा तिचा चेहरा वाचत होते. घोट त्यांच्या तोंडात होता, पण चव ते तिच्या तोंडावर शोधत होते.

आणि ती चव तिला माहीत होती. धुताना तिनं करंगळी बुडवून प्रत्येक तुंबा चाखला होता. सातवा कडू होता. अकरावा तर असा की करंगळी कापून टाकावीशी वाटली होती. तिनं नुसत्या भुवया आवळल्या असत्या तरी पुरलं असतं. पण एकोणीस वर्षं सासऱ्यासमोर ज्या चेहऱ्यानं कधी काही केलं नाही, त्यानं त्या सकाळीही काही केलं नाही. ती खाली बघत राहिली.

“गोड,” आबा म्हणाले. “सगळे गोड.”

तुंबे नेल्यापासून बाराव्या दिवशी दाढीवाला परत आला. मेंढरं मागं ठेवून आला होता, बरोबर बैलगाडी होती. गाडीत त्याची मुलगी, अकरा-बारा वर्षांची, घोंगडीवर आडवी. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. त्यानं गाडीतून तुंबा काढला आणि ओट्यावर आदळला. फुटला नाही. काम पक्कं होतं.

“जीभवाले,” तो म्हणाला, “हे तुमचं पाणी. दोन कोस विहीर नव्हती. एक तुंबा आमच्याजवळही कडू निघाला, आम्ही मोठ्यांनी तोंडात घेऊन थुंकलं. ही पोर मेंढरांच्या पुढं होती, एकटी. तिच्या खांद्याला हा होता. तहान लागली म्हणून प्यायली. कडू लागलं तरी प्यायली, कारण म्हणे, जीभवाल्यांचा तुंबा आहे, आपल्याच तोंडाची चव गेली असेल.”

मुलगी गाडीतून क्षीण आवाजात म्हणाली, “बाबा, राहू दे.”

“दोन दिवस उलट्या. तिसऱ्या दिवशी रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, अजून एक तुंबा प्यायली असती तर गाडीत वेगळंच काही आणलं असतंस.”

ओट्यावर सगळं घर उभं होतं. आबांनी तुंबा उचलला, उलटासुलटा केला.

“धुणारीचा हात,” आबा म्हणाले. “धुणारीनं कामचोरपणा केला. तीन पाण्यांच्या जागी दोन केली असतील.”

थोरलीला आधी कळलंच नाही, धुणारी म्हणजे कोण. मग सगळ्यांच्या माना वळल्या तेव्हा कळलं.

“इकडं ये,” आबा म्हणाले. त्यांनी तुंब्यात तांब्यातलं पाणी ओतलं, गरगर फिरवलं, पुढं केलं. “पी. आपल्या हातचं आहे ना? पी सगळ्यांसमोर.”

तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा बैलाच्या वेसणीकडं बघत होता. सासूनं पदर तोंडाला लावला होता. धाकटी तेवढी पुढं झाली, “आबा, अहो...” आणि सासूनं तिचं मनगट धरलं.

थोरली प्यायली. एक घोट नाही, चार. पहिल्याच घोटाला तिनं ओळखलं, हा अकरावा. घशातून खाली जाताना प्रत्येक घोटाला कातडी सोलल्यासारखं होत होतं. तिनं तुंबा ओट्यावर ठेवला, तोंड पुसलं आणि मागच्या दारी जाऊन भिंतीला धरून ओकली. भिंतीच्या पलीकडून तिला आबांचा आवाज ऐकू आला, “साठ तुंब्यांना धक्का लागणार नाही. धुणारी बदलतो.”

दाढीवाला म्हणाला, “तुमची जीभ म्हणून थांबतो. दुसरा असता तर आग लावून गेलो असतो.”

धुणं धाकटीकडं गेलं. थोरलीला छपराच्या कोपऱ्यात बसवून दोरीच्या जाळ्या विणायला दिल्या, तुंबा अडकवायच्या. विणता विणता ती दोरी अशी आवळायची की गाठ पुन्हा सुटू नये. तिच्या मनात सगळ्यांसाठी एकेक गाठ होती, नवऱ्यासाठी दोन.

तिसऱ्या दिवशी धाकटी तारेसकट येऊन शेजारी बसली. केसांत गराची धूळ. “ताई, मी मरणार बघ. नाकातून शिंक येते ती पण कडू. सांगून टाक ना आबांना.”

“तू सांग.”

“मी कालची आलेली.”

“तीन वर्षं झाली तुला.”

“या घरात मीठ कमी टाकायला सांगायची हिंमत नाही माझ्यात, आणि तू मला हे सांगायला लावतेस!”

दोघी हसल्या. मग थोरलीचं हसू अर्ध्यातच कोरडं पडलं. त्या दुपारी तिनं सासूला विहिरीवर गाठलं.

“आई, तुम्हाला माहीत आहे.”

सासू दोर ओढत राहिली. “काय?”

“दोन मुठी मीठ.”

बादली वर आली. सासूनं ती कठड्यावर ठेवली, धापा टाकल्या. “त्या माणसाजवळ दुसरं काय आहे गं? हातांनी कधी धड काम जमलं नाही त्याला. तुंबा कापायला घेतला तर तडा जायचा. जिभेवर उभं राहिलंय हे घर. ती गेली म्हणून सांगितलं तर तो अंथरूण धरेल.”

“आणि माझ्यावर आळ आला तो?”

“तू तरणी आहेस,” सासू म्हणाली. “तुला झेपेल.”

हे ती अगदी साधेपणानं म्हणाली, जसं भरलेली बादली उचल म्हणावं. थोरलीनं बादली उचलली. घरापर्यंत नेली. रांजणात ओतली. आणि मग रिकामी बादली अंगणात अशी भिरकावली की कडी तुटून कुंपणात गेली.

साठ तुंबे तयार झाले. नेण्याच्या आदल्या दिवशी, सगळे मांडवाखाली आबांबरोबर नवीन बी लावायला गेलेले असताना, थोरलीनं छपरात एकेका तुंब्यात पाणी घातलं आणि करंगळीनं चाखलं. साठ तुंबे चाखायचे म्हणजे सोपं नव्हतं. एक कडू लागला की पुढच्या तिघांची खात्री देता येईना, मग चूळ भरायची, थांबायचं, पुन्हा चाखायचं. आबांना चाळीस वर्षं हे कसं जमलं असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्यांचा आणखीच राग आला. सतरा कडू निघाले. ते तिनं भिंतीमागं वेगळे लावून ठेवले. म्हटलं, न बोलता निभावतंय तर निभावू दे.

आबा परतले, छपरात गेले, मोजलं.

“त्रेचाळीस? बाकीचे?”

नवऱ्यानं भिंतीमागं बघितलं. “इकडं आहेत आबा.”

“माझ्या हातून व्हायचं काम कुणी केलं?” आबांचा आवाज फाटला. “कोण जीभवालं झालं या घरात?”

आबांनी स्वतः एकेक तुंबा उचलून आणला आणि ढिगात टाकला. त्यांच्या कपाळावरची शीर तटतटली होती. शेवटचे चार नवऱ्यानं उचलून दिले. त्यानं! थोरली जाळीची दोरी हातात धरून बघत होती. आता कुठला कुठं ते तिलाही सांगता येणार नव्हतं.

सकाळी दाढीवाला आला, बरोबर दोन माणसं आणि ती मुलगी. मुलगी आता चालत होती, पण गुडघे काड्यांसारखे, आणि बसताना आधी हात टेकून बसत होती. साठ तुंबे अंगणभर उभे, प्रत्येकात रात्रीचं पाणी, प्रत्येकाला नवी जाळी.

“आज आमच्यासमोर चाखा,” दाढीवाला म्हणाला. “आणि तुमच्यामागं माझी पोर पिणार. तिचीच हौस आहे. म्हणते, भीती बसली तर जन्मभर पाण्याला भिईन.”

“पिऊ दे की,” आबा म्हणाले.

त्यांनी पहिला घोट घेतला. “गोड.” मुलगी प्यायली. मान हलवली, गोड. दुसरा गोड. तिसरा. मुलीच्या चेहऱ्यावर रंग यायला लागला, ती बापाकडं बघून हसली. चौथा, पाचवा, गोड. नवऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला तो थोरलीला ऐकू आला. सासू पुटपुटत होती, ओठ हलत होते.

सहावा तुंबा आबांनी तोंडाला लावला. घोट घोळवला. थोरली तीन हातांवर उभी होती, आणि तुंबा तिरका झाल्यावर आबांच्या हनुवटीवरून जो थेंब ओघळला तो पिवळट होता. आदल्या दिवशी जे तुंबे सगळ्यांत कडू लागले होते, त्यांचं पाणी असंच पिवळट होतं.

“गोड,” आबा म्हणाले आणि तुंबा मुलीपुढं धरला.

मुलीनं दोन्ही हातांनी घेतला.

थोरलीनं नवऱ्याकडं बघितलं. त्याचे ओठ उघडले, मिटले. सासूकडं बघितलं. सासूनं डोळेच मिटून घेतले. धाकटीनं नखं तळहातात रुतवली होती. एवढी सगळी माणसं अंगणात, एवढ्या सगळ्यांच्या तोंडात जीभ, आणि तुंबा वर जात होता.

थोरलीनं पुढं होऊन तो मुलीच्या हातांतून हिसकावला. पाणी दोघींच्या अंगावर सांडलं.

“काय गं हे!” आबा ओरडले. “वेड लागलं का?”

“चाखा,” तिनं तुंबा दाढीवाल्याच्या छातीवर दाबला. “तुम्ही चाखा.”

त्यानं जिभेचं टोक बुडवलं आणि थुंकला. मग आबांकडं बघितलं. रागानं नाही. न समजल्यासारखं बघितलं.

“तुम्ही हा घोट गिळलात,” तो म्हणाला. “आत्ता. माझ्यासमोर.”

“धुणारीचा हात...” आबा म्हणाले. पण धुणारी धाकटी होती, आणि धाकटी रडत होती.

“थोरले, गप राहा,” सासू म्हणाली. “तुझ्या पाया पडते, गप राहा.”

“आबांच्या जिभेला चव नाही,” थोरली म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तापात गेली. वर्ष होत आलं. मीठ कळत नाही, कडू कळत नाही. यांना माहीत आहे. आईंना माहीत आहे. आबा, तुम्हालाही माहीत आहे. म्हणून माझं तोंड बघत होता.”

आबा ओट्याच्या कडेवर बसले. त्यांनी काही नाकारलं नाही. हनुवटी पुसली फक्त.

मुलगी ओल्या कपड्यांनिशी थोरलीकडं बघत होती.

“मावशी,” ती म्हणाली, “माझा तुंबा गेला तेव्हा तुला ठाऊक होतं?”

थोरलीचा सगळा राग आतापर्यंत पुढं धावत होता; आबांवर, सासूवर, त्या बैलाची वेसण बघणाऱ्यावर. तो फिरून तिच्यापाशी आला आणि थांबला.

“होतं,” ती म्हणाली. “मी चाखला होता. अकरावा होता तो. कडू आहे हे ठाऊक असून मी तो तुझ्यापर्यंत जाऊ दिला.”